काटकुळ्यांची चरबी

दिवाळीच्या फराळाला घरातल्या स्थूल माणसावर आपण डोळे वटारतो आणि काटकुळ्याच्या ताटात आग्रहाने दुसरा लाडू वाढतो. मीही त्या काटकुळ्यांपैकीच! गेल्या वर्षी माझ्या रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचा विश्वासच बसेना.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिनांची ९.१. काट्याला हे कसे कळावे?

जेवणानंतर रक्तातील बरीचशी साखर इन्शुलिनच्या सांगीवरून स्नायू आत घेतात. काही जाळतात, काही साठवतात. स्नायूंत चरबी साचली, की ही सांगी त्यांना नीट ऐकू येत नाही आणि साखर दारातच ताटकळते. चालता स्नायू मात्र सांगीवाचूनही साखर आत ओढतो.

म्हणून यंदा आमच्याकडे दुसऱ्या लाडवाऐवजी फराळानंतर पायी फेरफटका ठरला आहे. वाचकहो, आपल्या घरच्या काटकुळ्यांनाही असेच बाहेर काढा!