नकार, बंदोबस्त आणि पिसू

‘गेल्या महासाथीत शिकलीसवरलेली माणसेही असा काही रोगच नाही, असे छातीठोकपणे का सांगत होती?’ असे एका वाचकाने विचारले आहे. अज्ञान हे त्याचे सोपे उत्तर होय. परंतु ते किती अपुरे आहे, याची साक्ष १८९६ सालची मुंबई देते.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीतील रुग्णांच्या जांघेत व काखेत गाठी दिसू लागल्या आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. प्लेगचा जंतू येर्सिनने दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगात शोधून काढला होता, म्हणजे खातरजमेचे साधन उपलब्ध होते. तरीही प्लेगचा उच्चार झाल्याबरोबर परदेशची बंदरे मुंबईच्या मालाला बंद होतील, या धास्तीने सरकारदरबारी तो शब्द प्रथम टाळला गेला व ‘संशयास्पद ताप’ अशा सौम्य भाषेचा आश्रय घेण्यात आला.

पुढे इनकार अशक्य झाला, तेव्हा त्याची जागा अतिरेकी बंदोबस्ताने घेतली. गटारांत कार्बोलिकचे पाणी सुटले, भिंतींना चुना लागला, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने अमर्याद अखत्यार मिळताच घरांची झडती, सामानाची जाळपोळ व रुग्णांची सक्तीची ताटातूट अधिकच जोरात होऊ लागली. रोग माणसांत शिरतो कसा, हे हुकूम काढणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. तथापि काहीतरी आपल्या हाती आहे, ही भावना त्या प्रत्येक हुकमातून त्यांना लाभत होती. आरंभीचा नकार आणि नंतरचा हा अतिरेक वरकरणी परस्परविरुद्ध भासले, तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे: आपण हतबल आहोत, हे मान्य करण्याची माणसाच्या मनाची असमर्थता.

ज्याचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, त्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ च्या जूनमध्ये कराचीत खरा दुवा शोधला. पिसवांसह एक प्लेगग्रस्त उंदीर त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर असा टांगला, की दोघांचा स्पर्श होऊ नये. पिसू मात्र उडी मारू शकत होती. काही दिवसांतच वरचा उंदीर प्लेगने मेला! एवढा स्वच्छ, एवढा स्वस्त आणि एवढा निर्णायक प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात विरळाच. पण तज्ज्ञांनी त्यावर अविश्वास दाखवला, आणि लिस्टन व नंतरचे प्लेग-संशोधक यांच्या मुंबईतील कामाने त्याला दुजोरा मिळेपर्यंत बरीच वर्षे गेली. ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडून रानात झोपडी बांधणारा आपला खेडूत त्या मुदतीत सत्याच्या अधिक जवळ होता.

हतबलता मान्य न करण्याच्या या मानवी प्रवृत्तीची मोजणी प्रयोगशाळेत पुष्कळ उशिरा झाली. ग्लास व सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कर्कश, अनपेक्षित आवाज ऐकवले आणि काहींना तो आवाज थांबवण्याचे बटण दिले. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीसुद्धा पुढील कोडी सोडवताना त्यांनी बटण नसलेल्यांपेक्षा अधिक चिकाटी दाखवली. एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये दाखवले, की लॉटरीचे एक डॉलरचे तिकीट स्वतः निवडणारा ते विकायला सरासरी आठ डॉलरांहून अधिक मागतो, आणि ज्याच्या हाती ते नुसते ठेवले, तो दोन डॉलरांच्या आतच राजी होतो; वास्तविक दोघांचीही जिंकण्याची शक्यता तीच. नियंत्रणाचा आभाससुद्धा मनाला तारतो, आणि तोही जेव्हा मिळत नाही, तेव्हा संकटच नाकारणे हा शेवटचा आधार उरतो.

म्हणून नाकारणाऱ्या माणसापुढे केवळ मृतांचे आकडे मांडल्याने त्याची हतबलता वाढते व नकार अधिक घट्ट होतो. त्याची हेटाळणी न करता, त्याच्या हातून होण्याजोगे व खरोखर उपयोगी पडणारे एक काम प्रथम त्याला सांगावे; सत्य ऐकण्याचे बळ त्यातून येते.