नवगावच्या दफनभूमीतील कुलवृत्तान्त

अलिबागेच्या उत्तरेस, समुद्रालगतच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये नवगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील दफनभूमीत जे दोन प्राचीन उंचवटे आहेत, त्यांवर ना कोणाचे नाव, ना तिथी, ना सन. आणि तरीही कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजाचे कोणतेही घराणे आपल्या वंशाचा मागोवा घेत मागे मागे जाऊ लागले म्हणजे अखेर याच दोन उंचवट्यांपाशी येऊन पोहोचते.

समाजाची परंपरा अशी की, फार पूर्वी पश्चिमेकडून निघालेले एक गलबत चौलच्या बंदराकडे येत असता खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडकांवर आपटून फुटले, त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे नवगावच्या किनाऱ्यास जिवंत लागली, आणि लाटांनी जी प्रेते आणून टाकली त्यांपैकी पुरुषांना एका ठिकाणी व स्त्रियांना दुसऱ्या ठिकाणी मूठमाती देण्यात आली. ग्रीक लेखकांनी ज्याचा उल्लेख सेमिल्ला या नावाने केला ते हेच चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात; तेव्हा अशा बंदराकडे परदेशी गलबत येत असल्यास त्यात आश्चर्य ते काय? हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी 1897 च्या सुमारास लिहून पुरा केलेल्या समाजाच्या इतिहासात हे आगमन इ. स. पूर्व 175 च्या सुमारास घडल्याचे मांडले आहे. अन्य अभ्यासक ते कित्येक शतके अलीकडे आणतात. सातांचा आकडा मी परंपरेचा आकडा म्हणूनच सांगतो, दफ्तरी नोंद म्हणून नव्हे. परंतु ज्या समाजाजवळ ना पोथी उरली होती, ना सनद, ना कोणा राजाची कैफियत, त्याने आपल्या मृतांची जागा मात्र पिढ्यान्‌पिढ्या विसरू दिली नाही, ही गोष्ट मला कोणत्याही आकड्याहून अधिक मोलाची वाटते.

वाचलेली माणसे या किनारपट्टीतच स्थिरावली. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शेती केली, मराठी ही आपली भाषा केली. हिब्रू प्रार्थनांपैकी एका ‘शेमा’खेरीज बहुतेक सर्व काही विस्मरणात गेले, तरी आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शनिवारचा विसावा ही व्रते त्यांनी सोडली नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पुढे कुटुंबे वाढली, गावोगाव पांगली, आणि ज्या गावी जे घराणे वसले त्या गावाचे नाव त्यास चिकटले: किहीमचे किहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चौलकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर. अशी शंभरांहून अधिक आडनावे या समाजात आहेत, आणि ती एका नकाशावर मांडली तर जुन्या कुलाबा जिल्ह्यातील त्यांच्या वस्तीचा सारा विस्तार डोळ्यांपुढे उभा राहतो. देशस्थ-कोकणस्थ घराण्यांनी आपले कुलवृत्तान्त छापून काढले. या समाजाचा कुलवृत्तान्त त्याच्या आडनावांतच साठलेला होता.

काही घराण्यांच्या कथा विशेष सांगण्यासारख्या आहेत. परंपरा म्हणते की, डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला, त्याने येथील स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवून पाहिले, आणि पंख व खवले नसलेले मासे त्यांनी वेगळे काढलेले पाहून हे आपलेच धर्मबांधव असल्याची त्याची खात्री पटली. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मशिक्षण दिले आणि तेव्हापासून विवाह लावणे व तंटे मिटविणे ही काजीपणाची जबाबदारी त्यांच्या वंशात चालत आली, असे समाज सांगतो. दिवेकर घराण्यातील सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी असता टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथून सुटका झाल्यास देवाचे मंदिर बांधीन असा नवस त्याने केला होता, असे सांगतात, आणि 1796 मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग त्याच्याच हातून उभे राहिले. धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या मिळविण्यासाठी तो कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तेथेच वारला. कोकणातील एका घराण्याच्या कर्त्या पुरुषाची कबर अशी कोकणाबाहेर राहिली.

मूळच्या उंचवट्यांवर अक्षर नाही. परंतु पुढील काळच्या दफनभूमींत हिब्रू, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत कोरलेले दगड आढळतात. दगडांवरच्या आणि जुन्या कागदपत्रांतल्या नावांत मोशेचा मुसाजी, इसाकाचा इसाजी, अब्राहमाचा अबाजी झालेला दिसतो. एका माणसाची धर्मपरंपरा, त्याची मातृभाषा आणि त्याच्या काळचे राज्य ही तिन्ही जेथे एकत्र वाचावयास मिळतात अशा जागा आपल्या प्रांतात फारशा नाहीत.

1948 मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे क्रमाक्रमाने तिकडे गेली आणि दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांतून वसली. तेथे त्यांच्या वंशशुद्धीविषयी शंका उपस्थित करण्यात आली, आणि 1962 मध्ये मुख्य धर्मपीठाने, त्यांच्याशी विवाह ठरताना पूर्वजांची कसून चौकशी करावी, असा आदेश काढला. ज्यांच्या पूर्वजांचे कागद समुद्राने गिळले त्यांच्याकडे कागद मागण्याचा तो प्रकार होता. समाजाने चळवळ केली, धरणी धरली, आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून निःसंदिग्ध मान्यता मिळाली. हा न्याय अवघ्या दोन वर्षांत पदरात पडला हे खरे. पण तो मागण्याची पाळी यावयासच नको होती.

आता इकडे उरली आहेत ती मोजकी घरे, अलिबागेच्या इस्रायल आळीतील 1848 चे ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग, आणि गावोगावच्या दफनभूमी. खारे वारे आणि चार महिन्यांचा कोकणी पाऊस यांपुढे कोरीव अक्षर फार काळ टिकत नाही. पुष्कळ दगडांवरील मजकूर अंधुक झालेला आहे, आणि तो वाचून दाखविणारे वृद्धही दरवर्षी कमी होत आहेत. पेण, रोहे, अष्टमी, चौल, नवगाव या भागांत राहणाऱ्या शिक्षकांना आणि इतिहासप्रेमी तरुणांना माझी विनंती आहे की, आपल्या गावच्या दफनभूमीत, समाजाच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन, एकेका दगडाचे छायाचित्र घ्यावे, त्यावरील मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवून काढावा, आणि त्याची एक प्रत नजीकच्या सिनेगॉगमध्ये व एक गावच्या ग्रंथालयात ठेवावी. हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे.