उतारवयातल्या जखमेला वेळ द्या, आरामही

भाताच्या आवणीच्या दिवसांत दादरा-नगर हवेलीतल्या आमली-सिल्वासा परिसरातल्या पाड्यांवर विशीतला नातू आणि सत्तरीतली आजी एकाच चिखलात उभे असतात. दोघांच्या पायाला सारखाच दगड लागतो. नातवाची जखम आठवड्यात सुकते, आजीची महिनाभर ओलीच राहते.

तरुणपणी कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. म्हातारपणी त्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. वरचा आणि आतला थर एकमेकांत दातेरी कंगोऱ्यांनी अडकलेले असतात. वय वाढतं तसे हे कंगोरे सपाट होतात, म्हणून नुसती चिकटपट्टी ओढली तरी साल निघून येते. कोलॅजन विरळ होतं, बारीक रक्तवाहिन्या कमी होतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी जखमेवर उशिरा पोचतात.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या काँपियेन्यच्या लष्करी रुग्णालयात शास्त्रज्ञ लकोंत द्यु नुई यांनी सैनिकांच्या जखमांचं क्षेत्रफळ वेळोवेळी मोजलं. जखमा सारख्याच मोठ्या असल्या, तरी वयाने मोठ्या सैनिकाची उशिरा भरे.

दादरा-नगर हवेलीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांच्या प्रमाणात हा प्रदेश अनेक वर्षं देशात वरच्या स्थानी राहिला. सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी रोग बरा होतो, पण तळपायाची गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. काटा रुतला तरी कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की अशा पायाचं मांस सडकं नसतं. प्लास्टर घालून पायावरचा दाब काढला, की तीच जखम भरून येते. सरकारी कार्यक्रमातून अशा रुग्णांना मऊ रबरी तळाच्या एमसीआर चपला मिळतात, त्या याचसाठी.

म्हणून ‘वय झालं, आता असंच चालायचं’ म्हणून जखम सोडून देऊ नये. राख, माती, तंबाखू तिच्यावर दाबू नये. धनुर्वाताची भीती असते. स्वच्छ पाण्याने धुऊन ती झाकून ठेवावी. ताटात डाळ, अंडं, मासळी हवीच, कारण नवी कातडी प्रथिनांतून घडते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. दोन आठवड्यांत जखम सुकली नाही, तर सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात दाखवावी आणि रक्तातली साखरही तपासून घ्यावी. पाय बधिर असेल किंवा मधुमेह असेल, तर तेवढीही वाट पाहू नये.