श्रद्धा, धर्मकृत्य आणि शुद्धी : पंडिता रमाबाईंच्या आत्मसाक्षीचा विचार

पापक्षालन कशाने होते, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मविचारात दोन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. संस्कार, उपवास, दान, उपासना इत्यादी कृत्यांनी मनुष्य क्रमाक्रमाने शुद्ध होतो, हे एक उत्तर. शुद्धी ही ख्रिस्ताच्या बलिदानाने आधीच सिद्ध झालेली असून मनुष्याने ती केवळ श्रद्धेने स्वीकारावयाची असते, हे दुसरे. या दुसऱ्या मताचा आधार पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात असून सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने त्याचाच आग्रह धरला. महाराष्ट्रात हा भेद स्वतःच्या जीवनक्रमातून उलगडून दाखविणारा महत्त्वाचा लेख म्हणजे पंडिता रमाबाईंची १९०७ सालची आत्मसाक्ष होय.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) बालपण तीर्थाटनात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, कुटुंब व्रतवैकल्ये करी व जवळचे द्रव्य दानधर्मात खर्ची पडे. दुष्काळात १८७४ साली आईवडील वारले. पुण्यसंचयाच्या मार्गाविषयी त्यांच्या मनात उत्पन्न झालेल्या संशयाचे मूळ या अनुभवात आहे.

तथापि, २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हा प्रश्न सुटला असे नव्हे. वाँटेजच्या भगिनीसंघाची परंपरा संस्कारांवर भर देणारी होती. त्रैक्यादी सिद्धान्तांविषयी रमाबाई व सिस्टर जेराल्डिन यांच्यात झालेला पत्रव्यवहार त्यांच्या स्वतंत्र बुद्धीची साक्ष देतो. परंतु बाप्तिस्म्याने व मंडळीतील प्रवेशाने आपण ख्रिस्ती झालो, अशीच त्यांची त्या वेळची समजूत होती. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचल्यावर तिला धक्का बसला. हॅस्लम हा धर्माधिकारी असून चर्च बांधणे, उपासना चालविणे ही कामे निष्ठेने करीत होता. तरी आपले परिवर्तन त्यानंतर झाले, असे तो सांगतो. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नव्हता, हा रमाबाईंचा निष्कर्ष याच चिंतनातून निघाला. ते साल १८९१ होय.

हा काळ लक्षणीय आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले, व १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांच्यासह काहींनी प्रायश्चित्त घेतले. म्हणजे ज्या नगरीत शुद्धीचा प्रश्न विहित कर्माच्या परिभाषेत लढविला जात होता, तेथेच शारदासदन चालविणारी एक विदुषी कर्माने शुद्धी होते काय, हाच प्रश्न स्वतःला विचारीत होती. तिचा आक्षेप केवळ प्रायश्चित्तविधीवर नव्हता. ख्रिस्ती संस्कारही साधन मानले, तर त्याच वर्गात पडतात, असे तिच्या विचाराचे तात्पर्य निघते.

येथे एक शंका संभवते. श्रद्धाच पुरेशी असेल, तर सत्कर्माचे प्रयोजन काय? रमाबाईंचे उत्तरायुष्य हेच तिचे उत्तर होय. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. कर्म गळले नाही. त्याचे स्थान बदलले. शुद्धीचे साधन न राहता ते शुद्धीचे फल झाले.

संतांनीही बाह्य शुचितेपेक्षा अंतःकरणशुद्धी श्रेष्ठ मानली, म्हणून हा विचार भक्तिमार्गाहून वेगळा नाही असे काहींस वाटेल. साम्य खरे, पण भेदही मूलगामी आहे. रमाबाईंच्या मते शुद्धी भक्ताच्या भावाच्या उत्कटतेवर अवलंबून नसून एका ऐतिहासिक बलिदानावर अवलंबून आहे. श्रद्धा म्हणजे ते दान घेणारा हात.

हा प्रश्न केवळ पुण्यापुरता नाही. नेर ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, यवतमाळ येथे, १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतर होईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अध्यापन चालू होते. विदर्भातील अभ्यासकांनाही हा विषय म्हणून दूरचा नाही.

मात्र, आत्मसाक्ष ही घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिलेली आहे, याचे भान ठेवले पाहिजे. नंतरच्या श्रद्धेच्या प्रकाशात पूर्वायुष्य अधिक रिक्त दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेला पत्रव्यवहार तिच्याशेजारी ठेवूनच ती वाचावी. तसे केल्यास १८८३ ची जिज्ञासू रमाबाई आणि १८९१ ची श्रद्धावान रमाबाई यांतील सातत्यही दिसून येईल.