दूरचा डेटाबेस आणि मधली चार फाटके

सुट्टीला आठवडा उरला की प्रत्येक घरून तेच प्रश्न येतात. गाडी कोणती, डबा कोणता, बर्थ कोणता, सोबत एस्कॉर्ट कोण? आपल्या शाळेत देशभरातले कॅडेट आहेत. महाराष्ट्राची पार्टी निघाली की कोणी भुसावळला उतरतो, कोणी मनमाडला, कोणी दौंडला, तर बाकीचे थेट पुण्याला. ही सगळी यादी कार्यालयातल्या एका संगणकावर असते. पालकांना ती घरबसल्या पाहता यावी म्हणून वेबपान तयार करण्याचे काम यंदा आमच्या संगणक क्लबकडे आले. वेबपान एका यंत्रावर आणि यादी दुसऱ्याच यंत्रावर, अशा वेळी दोघांची गाठ कशी घालतात, हे मी या लेखात सांगणार आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. या यादीत एखादा अकरा वर्षांचा मुलगा रात्री किती वाजता कोणत्या स्टेशनवर उतरणार आणि त्याच्या वडिलांचा मोबाइल नंबर काय, हे लिहिलेले असते. त्यामुळे आपल्याला जोडणी मिळाली म्हणजे अर्धेच काम झाले. ती दुसऱ्या कोणालाही मिळू नये, हे उरलेले अर्धे.

यात तीन जण असतात. पहिला ब्राउझर, म्हणजे आई-बाबांचा फोन. दुसरी स्क्रिप्ट, म्हणजे वेब सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. आमची स्क्रिप्ट पीएचपी भाषेत आहे. तिसरा डेटाबेस, आमचा मायएसक्यूएल. पीएचपी आणि मायएसक्यूएल ही दोन्ही १९९० च्या दशकात लोकांसमोर आली आणि आजही असंख्य वेबपाने याच जोडीवर चालतात. ब्राउझर डेटाबेसशी कधीच थेट बोलत नाही. मेसमध्ये आपण ताट घेऊन रेशनच्या कोठारात शिरत नाही, वाढणारे भैया आणून देतात, तसेच हे. स्क्रिप्ट मागणी घेते, डेटाबेसकडे जाते, उत्तर आणते आणि पान सजवून पाठवते.

मग दोन्ही एकाच यंत्रावर का ठेवू नयेत? ठेवता येतात, आणि शिकताना सगळे तसेच करतात. पण वेब सर्व्हर सगळ्या जगाला उघडा असतो. त्यावर कोणी घुसखोरी केली तर शेजारीच ठेवलेली यादीही त्याच्या हाती लागते. शिवाय तोच डेटाबेस कार्यालयालाही वापरायचा असतो. म्हणून तो वेगळ्या यंत्रावर, आतल्या बाजूला ठेवतात.

स्क्रिप्टला जोडणीसाठी पाच गोष्टी सांगाव्या लागतात: डेटाबेसच्या यंत्राचा पत्ता, पोर्ट क्रमांक, डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. पत्त्याच्या जागी पुष्कळ उदाहरणांत 'लोकलहोस्ट' लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'हेच यंत्र'. 'आमचे हाऊस' हे शब्द प्रत्येक कॅडेट वापरतो, पण प्रत्येकाचे हाऊस वेगळे असते, तसा हा शब्द आहे. वेब सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला 'लोकलहोस्ट' सांगितले तर ती वेब सर्व्हरवरच डेटाबेस शोधत बसते. म्हणून तिथे दुसऱ्या यंत्राचा खरा पत्ता द्यावा लागतो. पत्ता दिला की स्क्रिप्ट निघते आणि वाटेत तिला चार फाटके लागतात.

पहिले फाटक: डेटाबेस बाहेरची हाक ऐकतो का? मायएसक्यूएलच्या सेटिंगमध्ये 'बाइंड अॅड्रेस' नावाची एक ओळ असते. उबुंटूवर मायएसक्यूएल बसवले की तिथे १२७.०.०.१ असते, म्हणजे फक्त स्वतःच्याच यंत्रावरून आलेली हाक ऐकायची. दूरची स्क्रिप्ट चालवायची तर या ओळीत त्या यंत्राचा आतल्या नेटवर्कचा पत्ता घालावा लागतो. चार शून्ये, म्हणजे ०.०.०.०, लिहिली तर डेटाबेस सर्व बाजूंनी ऐकू लागतो. ते सोपे आहे, पण आपल्याला तेवढे नको.

दुसरे फाटक: फायरवॉल. हा आपल्या मेन गेटवरचा संत्री. मायएसक्यूएलचे ठरलेले पोर्ट ३३०६ आहे. संत्रीला आदेश असा द्यायचा: ३३०६ वर फक्त वेब सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेल्याला सोडा, बाकी सगळ्यांना अडवा. हा आदेश किती लोक देत नाहीत, याचा अंदाज २०२२ साली आला. शॅडोसर्व्हर फाउंडेशन या संस्थेने तेव्हा इंटरनेट तपासले, तर ३६ लाखांहून अधिक मायएसक्यूएल सर्व्हर बाहेरच्या कोणाच्याही हाकेला उत्तर देत होते.

तिसरे फाटक: ओळख. गार्ड ड्यूटीवर 'थम, कौन आता है?' असे विचारतात आणि मग पासवर्ड मागतात. मायएसक्यूएल याहून एक प्रश्न जास्त विचारतो: तू कुठून आलास? त्याच्याकडे वापरकर्त्याची नोंद दोन भागांची असते, नाव आणि ज्या यंत्रावरून यायचे त्याचा पत्ता. नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही पत्ता नोंदीत नसेल तर प्रवेश नाही. पत्त्याच्या जागी टक्क्याचे चिन्ह टाकले तर 'कुठूनही या' असा अर्थ होतो. घाईच्या वेळी हाच उपाय सुचवला जातो आणि जोडणी पाच मिनिटांत चालूही होते. आम्ही तिथे फक्त वेब सर्व्हरचा पत्ता लिहिला. आणखी पाच मिनिटे लागली, इतकेच.

चौथे फाटक: अधिकार. आत आलेल्याला काय काय करता येईल? आपल्या पानाला यादी फक्त वाचायची आहे. म्हणून स्क्रिप्टच्या वापरकर्त्याला फक्त वाचण्याचा अधिकार दिला, बदलण्याचा किंवा पुसण्याचा नाही. तोही मूळ तक्त्यावर नव्हे. मूळ तक्त्यातून गाडी, डबा, बर्थ आणि एस्कॉर्ट एवढेच रकाने दाखवणारा एक 'व्ह्यू' केला आणि त्यावर अधिकार दिला. मोबाइल नंबर त्या व्ह्यूमध्ये नाहीतच. उद्या स्क्रिप्टचा पासवर्ड चोरीला गेला तरी चोराला नंबर मिळणार नाहीत आणि यादीत खाडाखोडही करता येणार नाही.

ही चार फाटके क्रमाने लक्षात ठेवली तर जोडणी कुठे अडली हेही ओळखता येते. स्क्रिप्ट २००२ क्रमांकाची तक्रार करत असेल तर पुढचे शब्द वाचावेत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे लगेच आले तर बहुधा यंत्रापर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. पहिले फाटक तपासा. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आले तर बहुधा फायरवॉलने हाक गिळली किंवा पत्ताच चुकला. ११३० आले तर तुमच्या यंत्राचा पत्ता नोंदीत नाही. १०४५ आले तर नाव, पासवर्ड किंवा त्यांची जोडी जुळत नाही. अधिकाराची तक्रार आली तर आत पोहोचलात, फक्त मागितले ते मिळण्याची परवानगी नाही. नीट न वाचता सगळीच फाटके उघडत सुटलो तर कोणते अडले होते ते कधीच कळत नाही, आणि उघडलेली फाटके मागाहून बंद करायला कोणी जात नाही.

आता वाटेबद्दल. मायएसक्यूएल पासवर्ड उघडा पाठवत नाही, पण टीएलएस चालू केले नसेल तर प्रश्न आणि उत्तरे वाटेत कोणालाही वाचता येतात. दोन यंत्रांमध्ये बाहेरचे नेटवर्क असेल तर टीएलएस हवेच, नाहीतर एसएसएच बोगद्यातून जोडणी न्यावी. बोगद्याचा फायदा असा की ३३०६ बाहेर उघडावे लागत नाही.

पासवर्ड लिहिलेली फाइल वेबपानांच्या फोल्डरच्या बाहेर ठेवावी. जोडणी तुटली तर पाहणाऱ्याला 'थोड्या वेळाने पुन्हा पाहा' एवढेच दिसावे आणि खरी तक्रार सर्व्हरच्या नोंदवहीत जावी, कारण त्या तक्रारीत वापरकर्त्याचे नाव आणि यंत्राचा पत्ता असू शकतो. पालक जो कॅडेट क्रमांक टाइप करतात, तो प्रश्नाच्या वाक्यात तसाच चिकटवू नये. वाक्य आधी तयार ठेवून क्रमांक वेगळा पाठवण्याची पद्धत आहे, तिला 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' म्हणतात. त्यामुळे क्रमांकाच्या जागी कोणी आदेश लिहिला तरी डेटाबेस तो आदेश मानत नाही.

दूरच्या डेटाबेसला वेळही लागतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, तरी प्रत्येक फेरीचा वेळ जमा होत जातो. समजा एका फेरीला ३० मिलिसेकंद लागतात. एस्कॉर्टला त्याच्या पार्टीतल्या ४० कॅडेटची यादी हवी आहे आणि स्क्रिप्टने ४० वेगळे प्रश्न विचारले, तर १.२ सेकंद फेऱ्यांतच गेले. चाळिसांची यादी एकाच प्रश्नात मागितली तर एकच फेरी. मेसमधून पोळ्या आणायला प्रत्येक पोळीसाठी वेगळे कोणी उठत नाही.

पालकांना एक विनंती. आमच्या पानावर कॅडेट क्रमांकासोबत एक गुप्त कोडही विचारला जातो. क्रमांक क्रमाने असतात, त्यामुळे कोणीही अंदाजाने दुसऱ्याचा टाकू शकतो. तो कोड नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आत्याला किंवा मामाला गाडीची वेळ फोनवर सांगितली तरी पुरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे. म्हणजे या यादीतला प्रत्येक कॅडेट त्यात येतो, मीसुद्धा.

कॅडेट मित्रांना घरी सराव करायचा असेल तर दोन जुने संगणक एकाच वाय-फायला जोडा. एकावर स्क्रिप्ट, दुसऱ्यावर डेटाबेस ठेवा आणि यादीत खोटी नावे भरा. एका वेळी एकच फाटक उघडा आणि प्रत्येक वेळी कोणती तक्रार येते ते वहीत लिहा. चौथे फाटक पार झाले की तिसऱ्या संगणकावरून तीच जोडणी करून पाहा. ती झाली नाही, तर तुमचे काम बरोबर झाले.