टिंब वाचायचं कसं?

राणीमाशी आणि कामकरी माशी यांची जनुकं सारखीच. अळीपणी जिला भरपेट रॉयल जेली मिळत राहिली ती राणी. बाकीच्या जन्मभर राबणाऱ्या. २००८ साली कॅनबेरातल्या संशोधकांनी डीएनएवर मिथाइल चिकटवणारं एक विकर अळ्यांमध्ये दाबून टाकलं. बहुतेक अळ्या राणीच्या वळणावर गेल्या, वाढलेल्या अंडाशयांसकट!

हे मिथाइल केवढंसं? एक कार्बन, तीन हायड्रोजन. डीएनएच्या वर्णमालेतल्या ‘सी’वर अनुस्वारासारखं बसतं. पंचाईत अशी, की अक्षरं वाचणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला हा अनुस्वार दिसतच नाही. १९९२ साली यावर तोड निघाली, तीही ऑस्ट्रेलियातच. डीएनएला सोडियम बायसल्फाइटमध्ये भिजवायचं. साध्या ‘सी’चा ‘यू’ होतो आणि वाचताना तो ‘टी’ म्हणून येतो. मिथाइलवाला ‘सी’ तसाच राहतो. बांधणीच्या साडीत गाठ मारलेल्या जागी रंग चढत नाही, तसंच हे. मग मूळ मजकूर शेजारी ठेवून बघायचं : ‘सी’ टिकला तिथे टिंब. रसायन मात्र जहाल. डीएनएचे तुकडे पडतात, बराचसा वायाच जातो.

असं टिंब पुष्कळदा जनुकाला गप्प बसवतं, पण टिंब सापडलं म्हणून जनुक गप्पच असेल असं नाही. ते बोलतंय का, हे त्याच्या आरएनएवरून कळतं. आरएनए भलताच नाजूक. आपल्या त्वचेवरची विकरंसुद्धा त्याचा फडशा पाडतात, म्हणून हातमोजे हवेतच. सहसा त्याची डीएनए-प्रत काढतात, लाखो तुकडे वाचतात आणि कुठल्या जनुकाचे किती आले ते चक्क मोजतात.