झील धरणारे

शाहीर अमर शेख यांच्या पहाडी आवाजाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. शाहिरामागे उभे राहून झील धरणाऱ्यांबद्दल मात्र फारच थोडे. पोवाड्याची घडण पाहिली, तर ही वाटणी अन्यायाची वाटते.

शाहीर डफावर थाप देऊन कडवे टाकतो. कडवे संपता संपता झीलकरी ‘जी जी’चा सूर उचलतात. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, पुढचे शब्द जुळवायला उसंत मिळते. तुणतुण्याची एकच तार सूर सुटू देत नाही, झांज लय सांभाळते. शहापूर-मुरबाडच्या गावांत भजनाला बसणाऱ्यांना हे नवे नाही. बुवांनी चरण म्हटला की टाळकऱ्यांनी तो उचलायचा. टाळकरी ढिले पडले, तर बुवांचा गळा कितीही गोड असो, भजन रंगत नाही.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा ही जुनी रचना नव्या कामाला जुंपली गेली. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावरच, किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे वारली तिथून लाल बावटा घेऊन परतले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. असे कष्टकरी आणि गिरणगावातले कामगार हेच या पथकाचे श्रोते. ‘माझी मैना’ लिहिली अण्णाभाऊंनी, गाजवली अमर शेखांनी. लेखणी एकाची, गळा दुसऱ्याचा आणि दोघांच्या पाठीशी पथक.

मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशाचे ‘लोकनाट्य’ केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे शाहीर घरोघर पोचले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख. शाहिरांची नावे राहिली. त्यांच्या झीलकऱ्यांची किती जणांना सांगता येतील?

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९९९ साली एकट्यालाच स्थान मिळाले. सत्तरच्या दशकापासून त्याला साथ करणाऱ्या ई स्ट्रीट बँडचा सन्मान झाला तो २०१४ साली. तोवर ऑर्गनवादक डॅनी फेडेरिची आणि सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स हयात नव्हते. तरीही उशिरा का होईना, मान देता आला, कारण तबकड्यांच्या वेष्टनांवर वादकांची नावे छापलेली होती.

मैदानातल्या पोवाड्याला वेष्टन नसते. त्याची नोंद माणसांच्या आठवणीतच राहते आणि ती माणसे आता थकली आहेत. जुन्या कलापथकांतले तुणतुणेवाले, झांजवाले ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावात भेटले, तर त्यांना शाहिराच्या आठवणी जरूर विचाराव्यात. पण आधी त्यांचे स्वतःचे नाव विचारावे आणि लिहून घ्यावे.